काचेचं शोकेस घरीच बनवताय? मग काचवाल्याकडे जाण्याआधी बिजागऱ्या ठरवा

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही वन बीएचकेच्या हॉलमध्ये डोकावा. टीव्हीच्या बाजूला एक काचेचं शोकेस हमखास दिसतं. पोरांच्या ट्रॉफ्या, सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हं, छोट्या गाड्या, कुठे लाकडी गणपती. हल्ली व्हिडिओ बघून हे शोकेस घरीच बनवणारे बरेच जण आहेत. प्लायवूड कापून मिळतो, कप्पे जमतात. गाडी अडते ती दारावर.

कारण बहुतेक जण आधी काच आणतात आणि मग तिला शोभतील अशा बिजागऱ्या शोधतात. क्रम नेमका उलटा हवा. असं का, ते समजून घेऊ.

साधी काच की टफन्ड?

साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार सुळे होतात. टफन्ड काच तापवून झटकन थंड केलेली असते. ती साध्या काचेपेक्षा साधारण चौपट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात.

डोंबिवलीकरांना हा फरक वेगळा सांगायला नको. २६ मे २०१६ ला एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटून घरात आल्या होत्या. रोजच्या आयुष्यात स्फोट लागत नाही, पोराचा बॉल पुरतो. म्हणून लहान मुलांचा हात पोहोचेल अशा दारांना टफन्ड काचच घ्या. काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि आयएसआय मार्कासोबत आयएस २५५३ हा क्रमांक आहे का, ते बघा.

पण टफन्ड काचेची एक अट आहे. टफन झाल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला तर अख्खी काच भुगा होते. म्हणजे बिजागरीचं, हँडलचं, कुलपाचं भोक कुठे आणि केवढं, हे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. हार्डवेअर आधी ठरवायचं ते यासाठी.

दाराचं वजन किती?

हिशोब सोपा आहे. ५ एमएम काचेचं वजन दर चौरस फुटाला साधारण १.१६ किलो भरतं. २ फूट रुंद आणि ४ फूट उंच दार म्हणजे ८ चौरस फूट, म्हणजेच सव्वानऊ किलोच्या आसपास. ४ एमएम घेतली तर साडेसात किलो. बिजागरीच्या पाकिटावर ती किती वजन आणि किती जाडीची काच पेलते हे लिहिलेलं असतं. नसेल तर ती घेऊ नका.

आकारही महत्त्वाचा. उंच आणि अरुंद दार बिजागऱ्यांना फार त्रास देत नाही. बुटकं आणि रुंद दार वरची बिजागरी ओढत राहतं आणि काही महिन्यांत खालून घासायला लागतं.

पर्याय तीन

१. सरकती काच. वर-खाली दोन खाचांचं अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकचं चॅनेल आणि त्यात पुढे-मागे सरकणाऱ्या दोन काचा. दुकानांच्या काउंटरला असतात तशाच. बिजागरी नाही, भोक नाही. सोफा आणि शोकेसमध्ये जेमतेम दोन फूट जागा असेल तर हाच पर्याय. वरचं चॅनेल खालच्यापेक्षा खोल हवं, म्हणजे काच वर उचलून खाली बसवता येते. दोन्ही काचा मध्ये इंचभर एकमेकींवर आल्या पाहिजेत. कुलूप हवं असेल तर दातेरी पट्टीचं शोकेस लॉक मिळतं, त्यालाही भोक लागत नाही. तोटा एवढाच की एका वेळी अर्धंच शोकेस उघडतं आणि मधल्या फटीतून धूळ जाते.

२. नुसत्या काचेचं उघडणारं दार. यात दोन प्रकारच्या बिजागऱ्या येतात. एक काचेला चिमट्यासारखी पकडते आणि बारीक स्क्रूने आवळली जाते. भोक लागत नाही, पण ती लहान, हलक्या दारांसाठीच. दुसरी काचेतल्या भोकात बसते. ती जास्त भरवशाची, पण भोकाचं माप आधी द्यावं लागतं. दोन्हींत काच आणि धातूच्या मध्ये रबरी किंवा प्लास्टिकचं पॅड हवंच. धातू थेट काचेवर आवळला की तडा जातो.

३. फ्रेमचं दार. लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, आत काच. पहिल्यांदाच बनवत असाल तर हे सर्वांत सोपं, कारण काचेची कडा झाकली जाते आणि काचेची कमजोर जागा म्हणजे तिची कडाच. लाकडी चौकट पुरेशी रुंद असेल तर किचनच्या कपाटाला लागते तीच ऑटो क्लोज बिजागरी चालते. अॅल्युमिनियमच्या चौकटीसाठी वेगळी मिळते. दुकानदार "क्रँक किती?" असं विचारेल. दार शोकेसच्या बाजूची कड पूर्ण झाकणार असेल तर झिरो, एका मधल्या फळीवर दोन दारं येणार असतील तर आठ आणि दार आतच बसणार असेल तर सोळा.

खाडीची हवा आणि गंज

आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलीच असते. साध्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ग्रेड मागा. "मॅग्नेट चिकटत नाही, म्हणजे ३०४" हे ऐकून विश्वास ठेवू नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही मॅग्नेट सहसा चिकटत नाही. पाकिटावर छापलेला ग्रेड आणि पक्कं बिल, हाच त्यातल्या त्यात आधार.

बिजागरी चांगली आणि फळी पोकळ, असंही चालत नाही. एमडीएफच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही. बिजागरी बसते ती बाजू तरी चांगल्या प्लायवूडची ठेवा.

ऑर्डर देण्याआधी एवढं बघा

- सांगाडा पूर्ण करा, मग माप घ्या. वर, मध्ये आणि खाली तिन्ही ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा.
- दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर सांगाडा तिरका आहे. काच तिरकी होत नाही.
- हार्डवेअर हातात घेऊनच काचवाल्याकडे जा. भोकाची जागा कागदावर काढून द्या.
- कडा पॉलिश करून मागा.
- उभं शोकेस एल अँगलने भिंतीला पक्कं करा. जड दारं उघडली की वजन पुढे येतं आणि खालच्या कप्प्याला मूल लटकलं तर सगळं अंगावर येऊ शकतं.

हार्डवेअर बदलता येतं, टफन्ड काचेतलं चुकलेलं भोक बदलता येत नाही. त्यामुळे पहिली खरेदी बिजागरीची, शेवटची काचेची.