खर्जाचं ओझं

जाझच्या मैफलीत सर्वांत मोठं वाद्य ज्याच्या वाट्याला येतं, नेमका त्याच्याकडेच श्रोत्यांचं लक्ष सर्वांत कमी असतं. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या गोतावळ्यातलं, उभ्या माणसाहून उंच असं वाद्य. ट्रंपेटवाला पेटी काखोटीला मारून शेवटची लोकल गाठतो. बेसवाला मात्र दहा-बारा किलोंचं लाकडी धूड सांभाळत प्रत्येक दारात तिरका होत असतो, आणि वर त्याच्या दुसऱ्या हाताला अँप्लिफायर लटकलेला.

मुंबईची हॉटेलं आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ज्या गोवेकर वादकांनी वर्षानुवर्षं सांभाळले, त्यांच्याच परंपरेतला माझा एक मित्र. त्याने साठी केव्हाच ओलांडली आहे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या टपावरचं कॅरियर हा त्याच्या संसाराचाच भाग होता; २०२३ साली त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. मग गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. सोबतचे तरुण वादक म्हणाले, "अंकल, आता इलेक्ट्रिक बेस घ्या." तो मला म्हणाला, "अरे, त्यात माझी बोटं असतील, पण माझा आवाज नसेल." वाद्य हलकं होणं शक्यच नव्हतं. हलकं होण्यासारखं एकच होतं, अँप्लिफायर. तो हलका मिळतो की नाही, यावर त्याचं वाजवत राहणं अवलंबून होतं.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांच्या कल्लोळात बेस बुडून जाई. एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने १९४६ च्या सुमारास वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकतं, तिच्यात मायक्रोफोन बसवला. ही 'अँप्लिफाइड पेग', आणि तिच्यावरूनच 'अँपेग' कंपनीचं नाव पडलं. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी गिटारसारखा धरायचा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि असंख्य वादकांनी लाकडी धुडाला रामराम ठोकला. अँपेगने १९६० मध्ये काढलेला 'पोर्टाफ्लेक्स' आजही नावाजला जातो. नावात 'पोर्टा' असलं, तरी त्याचं वजन तीस किलोंच्या वर होतं!

आता एक गंमत पाहा. डबल बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. तेवढा खोल स्वर मोठ्याने ऐकवायचा तर कपाटाएवढी पेटी हवी, असं कुणालाही वाटेल. पण खुद्द त्या लाकडी पेटीलाच हा मूळ स्वर नीट पेलत नाही. तिच्या पोटातली हवा घुमते ती ६० कंपनांच्या आसपास. त्या तारेतून आपल्यापर्यंत जास्त पोचतात ते वरचे उपस्वर, दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा. त्यांच्यावरून आपला मेंदूच खालचा स्वर रचून घेतो. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे खालच्या स्वरातून वरचा उमलतो. इथे वरच्यांच्या साक्षीने खालचा उभा राहतो. म्हणून आठ किंवा दहा इंची स्पीकरचा लहानसा डबाही खर्ज पटवून देऊ शकतो.

ध्वनिशास्त्रात अँटन हॉफमन यांचा एक नियम सांगतात. हे सुप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीवर पाणी सोडा. आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला हा नियम लगेच पटला. ताळेबंदाला तो नवा नाही. फरक पडला तो विजेच्या बाजूला. 'क्लास डी' अँप्लिफायरमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात. अर्धवट उघडे राहत नाहीत, म्हणून उष्णतेत वीज फारशी वाया जात नाही. ॲल्युमिनियमचे जाड पंखे नकोत, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ठोकळाही नको. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी स्पीकरचंही वजन उतरवलं. आज दीड-दोन किलोंच्या डब्यात काहीशे वॉट मावतात.

पण दुकानदार वॉटचा आकडा पुढे करतो, तेव्हा सावध राहावं. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकर एका वॉटमध्ये किती डेसिबल देतो, ते विचारावं. आमच्या मित्राची यादी वेगळीच होती. वाद्याच्या घोडीला लावलेल्या पिझो पिकअपला निदान एक मेगओम, शक्यतो दहा, इनपुट इम्पीडन्स हवा. नाहीतर खर्ज गळून जातो आणि पत्र्यासारखा आवाज उरतो. चाळिसाच्या खालचा गडगडाट कापणारा फिल्टर हवा. फेज उलटवणारं बटण हवं, कारण स्पीकरचा आवाज वाद्याच्या पोकळ पोटात शिरला की ते स्वतःच घुमू लागतं. थेट सभागृहाच्या यंत्रणेला जोडायची सोय हवी, म्हणजे मोठ्या जागी मोठा अँप्लिफायर न्यावा लागत नाही. परदेशातून मागवायचा असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो ना, हे आधी पाहावं.

दुकानात तो स्वतःचं वाद्य घेऊन गेला. बोटांनी वाजवलं, मग गजाने. गजाखाली कुठल्याही अँप्लिफायरचा खोटेपणा लपत नाही, असं त्याचं म्हणणं. डबा जमिनीवर, कोपऱ्यात ठेवला तेव्हा खर्ज फुगला. खुर्चीवर ठेवताच स्वर सुटे झाले. शेवटी त्याने सर्वांत दणकट आवाजाचा अँप्लिफायर बाजूला ठेवला आणि दहा किलोंच्या आतला एक निवडला. त्यातही गमावण्यासारखं काही होतंच. जुना अँप्लिफायर गल्लीतला मेकॅनिक डाग देऊन उभा करी; या नव्या डब्यातले नखाएवढे भाग त्याच्या हातात येत नाहीत, बरेचदा अख्खं सर्किटच बदलावं लागतं. ड्रमरने जोर केला तर हा डबा लवकर दमेल, हेही मित्राला ठाऊक आहे. "मग ड्रमरला सांगीन, बाबा, हळू," तो म्हणाला.

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येकाने आवाज वाढवत न्यायचा आणि मागे पडलेल्याने अधिक वजन उचलायचं, ही आपल्या मैफलींचीच काय, मांडवांची आणि मिरवणुकींचीही रीत झाली आहे. लहान अँप्लिफायर तिला नकार देतो. चौघांनी एकमेकांना ऐकत वाजवायचं ठरवलं, तर लाकडाचा आवाज लाकडाचाच राहतो आणि डब्याला त्याच्या पाठीवर फक्त हात ठेवावा लागतो. मग साठीनंतरचा वादकही आपलं वाद्य घेऊन जिना चढू शकतो. खर्ज हा सगळ्या मैफलीचा पाया. तो एकट्याने वाहायचा नसतो.