पाकिटावरचा वाघ कोण हटवणार?

पाकीटबंद खाऊच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ, चरबीचा इशारा छापायचा की नाही, हा वाद काही मिटत नाही. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी करायला सांगितलं. तरी चर्चा पदार्थाला दर्जाचे तारे द्यायचे की ठळक इशारा, याभोवतीच घोटाळते आहे. तारे असोत वा इशारा, ते वाचणार मोठी माणसं. ज्याला अजून अक्षरओळख नाही, ते चार वर्षांचं पोर पाकिटावर काय बघतं?

ते चोकोजवरचं अस्वल बघतं. लाल-पिवळा भडक रंग, गुबगुबीत अक्षरं, टपोऱ्या डोळ्यांचं हसरं पात्र आणि आत काहीतरी फुकट मिळणार हे आश्वासन. 2000च्या दशकातल्या मुलांनी चिप्सच्या पुड्या आतल्या टाझो नावाच्या चकत्यांसाठी फोडल्या. किंडर जॉयच्या अंड्यात तर अर्धा खाऊ आणि अर्धं खेळणंच असतं, शिवाय मुलींसाठी गुलाबी अन् मुलग्यांसाठी निळं अशी वाटणीही. हे अंडं आपल्या बारामतीत बनतं.

चित्राने चव बदलते का? अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या 40 मुलांना एकच पदार्थ दोन पाकिटांतून दिला. एक पाकीट साधं, दुसऱ्यावर श्रेक, डोरा किंवा स्कूबी-डू. बिस्किटं आणि गोळ्या चित्राच्या पाकिटातल्याच जास्त चविष्ट, असं मुलांनी सांगितलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाजरांवर मात्र चित्राची जादू फारशी चालली नाही. ‘मग भाज्यांवरही कार्टून लावा’ या सूचनेतली हवा तिथेच निघून जाते.

चित्राची ही ताकद सगळ्यात आधी गांभीर्याने घेतली चिलीने. स्वतः डॉक्टर असलेले सिनेटर गिदो हिरार्दी यांनी खाद्य उद्योगाचा विरोध अंगावर घेत कायदा रेटला आणि जून 2016मध्ये तो लागू झाला. साखर, मीठ, संतृप्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असले की पाकिटावर इशाऱ्याचा काळा अष्टकोन आला. खरी धडाडी पुढच्या कलमात होती: असा अष्टकोन असलेल्या पदार्थाची 14 वर्षांखालच्या मुलांना भुलवणारी जाहिरात बंद, आणि पाकीट हीसुद्धा जाहिरातच! केलॉगच्या खोक्यावरून टोनी वाघ गेला, चीटोजवरून चेस्टर चित्ता गेला, खेळणं लपवलेली किंडर सरप्राइजची अंडी दुकानांतून गेली. कंपन्या न्यायालयात गेल्या, कायदा टिकला. दीड वर्षात इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. श्रेय एकट्या वाघाला हटवण्याचं नाही. अष्टकोन, शाळांतली विक्रीबंदी आणि जाहिरातींवरचा लगाम एकत्र आले म्हणून हे घडलं. 2021मध्ये मेक्सिकोनेही इशारेवाल्या पाकिटांवरची पात्रं काढायला लावली.

आपल्याकडे 2020च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या खाऊची विक्री आणि जाहिरात बंद केली. पण एक्कावन्नाव्या मीटरवर वाणी असतो, त्याच्या दारात पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा असतात आणि पुडीवरचं कार्टून डब्यातून थेट वर्गात पोचतं.

हे आपल्याला जमणार नाही असंही नाही. अर्भकांच्या दूधभुकटीच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला भारतात 1992च्या कायद्यानेच मनाई केली. विक्री वाढवण्यासाठी काढलेलं चित्र ग्राहकाची दिशाभूल करतं, हे तत्त्व संसदेने तेव्हाच मान्य केलं होतं. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला जे संरक्षण मिळालं, ते सहा वर्षांच्या मुलाला नाकारण्याचं कारण काय?

म्हणून इशाऱ्याचा रंग आणि आकार ठरवताना त्याच नियमात आणखी एक कलम हवं: ज्या पाकिटावर इशारा, त्यावर कार्टून नाही, खेळणं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे कलम आताच घालावं आणि पालकांनीही तसा आग्रह धरावा.