घरबसल्या मानसशास्त्राचा अभ्यास आणि प्राथमिक शिक्षक

प्राथमिक शिक्षकाला दोन गोष्टींचे ज्ञान असावे लागते : जो विषय शिकवावयाचा त्याचे, आणि ज्या मुलाला शिकवावयाचे त्याचे. पहिल्याची उजळणी पाठ्यपुस्तकामुळे दरवर्षी होते. दुसऱ्याचा अभ्यास मात्र अध्यापक विद्यालयातील परीक्षेबरोबरच संपला, असे पुष्कळदा घडते. शिकताना पाठ केलेल्या व्याख्या विसरल्या जातात आणि वर्गातील मुले तर दरसाल नवी येतात. ही उणीव भरून काढण्याची सोय आता घरबसल्या झाली आहे. मानसशास्त्र व मानवी संबंध या विषयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम कोणत्याही शिक्षकास घेता येतात. ते कसे निवडावेत, त्यांतून काय मिळवावे आणि काय अपेक्षू नये, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विरार पूर्वेकडील मनवेलपाड्यासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. अशा वस्तीत कामधंद्यासाठी निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. आईवडिलांपैकी एक तरी पहाटेची लोकल गाठतो आणि दिवेलागणीनंतर परततो. समजा, तिसरीच्या वर्गात एक मुलगा कधीच उत्तर देत नाही. वहीवरील अक्षर बरे आहे, पण प्रश्न विचारला की मान खाली जाते. शिक्षिकेच्या मनात हळूहळू ‘हा मंद आहे’ असे मत घर करू लागते. त्याच्या घरी भोजपुरी बोलली जाते आणि चुकीच्या उच्चाराला वर्ग हसेल या धास्तीने तो गप्प बसतो, ही गोष्ट कोणी सांगितली नाही तर ते मत पक्के होते. एकदा पक्के झालेले मत पुढील वर्गाच्या शिक्षकाकडेही जाते. मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविणाऱ्या अशा गोष्टी फार लहान असतात आणि त्या ओळखण्याची दृष्टी हेच मानसशास्त्राच्या अभ्यासाचे खरे फळ होय.

नोकरी सांभाळून पुन्हा विद्यार्थी होणे अवघड वाटेल; परंतु याचा उत्तम दाखला याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी रात्रशाळेत शिकून १९३७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली होती; पदवी मात्र त्यांनी १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर मिळविली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, हे या दोघींचे सूत्र होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली ती याच विचाराने. महाविद्यालयात जाणे ज्याला शक्य नाही त्याच्याकडे महाविद्यालयाने यावे, हे दूरशिक्षणाचे तत्त्व त्याहून निराळे नाही.

या तत्त्वाची वाटचाल महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, तर नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ देशाला खुले केले. त्यावर भारतीय तंत्रज्ञान संस्था व विद्यापीठे यांतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम असतात व त्यांत मानसशास्त्राचेही असतात. अशा अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफितीवरील व्याख्यान, वाचनासाठी मजकूर, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न, आणि शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा. नाव नोंदवून शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून ठरलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. पाठ आठवड्यागणिक येतात व सर्व काही मोबाइलवर पाहता येते. व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात, ही एक अडचण आहे. मराठी विश्वकोशातील संबंधित नोंदी आधी वाचल्या, तर विषयाशी ओळख होते व व्याख्यान समजण्यास सुलभ जाते.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. अल्प मुदतीचा अभ्यासक्रम ही एक गोष्ट आणि मानसशास्त्राची पदवी ही दुसरी. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्राचाही समावेश होतो. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र विषयाचे पदवी-शिक्षण दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देऊ नये, असे उच्च शिक्षण संस्थांना कळविले. यास्तव ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ अशी जाहिरात दिसल्यास, पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेची मान्यता आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी. शिक्षकाचा पगार कष्टाचा असतो. तो निरुपयोगी कागदावर खर्च होऊ नये.

आता अभ्यासाच्या आशयाकडे वळू. बुद्धिमापनाचे प्रकरण बहुतेक अभ्यासक्रमांत असते. पॅरिस येथे आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पहिली उपयुक्त बुद्धिमापन कसोटी तयार केली. कोणत्या मुलांना अधिक साहाय्य हवे, हे शोधण्यासाठी ती होती. मुलाची बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे, हे मत बिनेला मान्य नव्हते. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात या कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. कसोटी मुलाच्या भाषेत असल्याशिवाय तिचे उत्तर विश्वसनीय नाही, हा धडा त्यातून मिळतो. तिसरीतील त्या गप्प मुलाला हाच धडा लागू पडतो. त्याची परीक्षा परक्या भाषेत होत होती.

दुसरे प्रकरण शिक्षकाच्या अपेक्षेचे. अमेरिकेतील रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. काही मुले यंदा विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. वस्तुतः ही नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणताही गुण न पाहता निवडलेली होती. तरीही वर्षअखेर, विशेषतः पहिली-दुसरीतील अशा मुलांची प्रगती इतरांहून अधिक आढळली. हा परिणाम किती मोठा मानावा याविषयी पुढे विद्वानांत बराच वाद झाला. तथापि शिक्षकाची अपेक्षा त्याच्या आवाजातून, प्रश्नानंतर तो किती वेळ थांबतो यातून आणि चूक झाल्यावर उमटणाऱ्या चेहऱ्यावरील भावातून मुलापर्यंत पोहोचते, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकास पटेल.

मानवी संबंधांचा विषय कारखान्यांच्या अभ्यासातून पुढे आला. शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रकाश, विश्रांती इत्यादींचा कामावर काय परिणाम होतो हे पाहण्यात आले. या प्रयोगांच्या निष्कर्षांवरही पुढे टीका झाली. परंतु माणसाला कामाच्या जागी कोणी विचारते काय, त्याचे ऐकून घेतले जाते काय, या प्रश्नांकडे एल्टन मेयो प्रभृतींचे लक्ष वळले ते तेथूनच. शाळेत हा विषय पालकभेटीच्या वेळी उपयोगी पडतो. ‘तुमचा मुलगा अभ्यास करीत नाही’ असे म्हणताच पालक बचाव करू लागतो. ‘दादा, घरी तो कशात रमतो?’ असे विचारले तर तोच पालक बोलू लागतो. दिवसभर राबून आलेल्या बापाला शाळेत प्रथमच कोणी तरी मुलाविषयी चांगले विचारले, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

अभ्यास कसा करावा, याचे उत्तरही मानसशास्त्रच देते. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की, पाठ केलेले आरंभी फार वेगाने विसरले जाते आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीहून अधिक टिकते. म्हणून रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास द्यावा. लोकलच्या प्रवासात व्याख्यान ऐकणे सोयीचे असले, तरी घरी आल्यावर वही काढून मुख्य तीन मुद्दे न पाहता लिहावेत. त्याबरोबर एक निरीक्षणवही ठेवावी. वर्गातील एकाच मुलाकडे आठवडाभर लक्ष द्यावे आणि ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘मंद’ अशी विशेषणे टाळून, त्याने काय केले, केव्हा केले व त्याआधी काय घडले एवढेच लिहावे. शक्य तर शाळेतील दोघातिघांनी मिळून अभ्यासक्रम घ्यावा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलावे. निरीक्षणवहीतील मुलाचे नाव मात्र चारचौघांत उच्चारू नये.

या अभ्यासाची मर्यादाही ओळखावयास हवी. आठ-बारा आठवड्यांच्या अभ्यासाने कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. नव्याने शिकलेला शब्द मुलाला चिकटविण्याचा मोह होतो. ‘मंद’ऐवजी एखादे शास्त्रीय नाव दिल्याने मुलाचे काहीच भले होत नाही. मूल सतत भेदरलेले असेल, स्वतःला इजा करीत असेल, किंवा त्याच्या वर्तनात एकाएकी मोठा बदल झाला असेल, तर मुख्याध्यापक व पालक यांना विश्वासात घेऊन तज्ज्ञांकडे पाठवावे. मुलावर घरीच अन्याय होत असल्याची शंका असेल तेव्हा मात्र १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. मनःस्वास्थ्याविषयी सल्ल्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, याचेही स्मरण ठेवावे. वर्गासमोर केलेला उपहास हा त्या छळाचाच प्रकार होय.

अभ्यासक्रम संपल्यावर प्रमाणपत्र हाती येईल व ते जपून ठेवावे. परंतु अभ्यास फळाला आला की नाही, याची परीक्षा वर्गातच होते. तिसरीतील त्या मुलाला शिक्षिकेने एके दिवशी ‘आंब्याला तुझ्या घरी काय म्हणतात?’ असे विचारले, उत्तर येईपर्यंत ती थांबली, आणि तो शब्द तिने फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिला, तर त्या दिवशी ती या परीक्षेत उत्तीर्ण झाली असे म्हणावयास हरकत नाही.