पोळी तीच, जीभ वेगळी

सोलापुरात शेंगापोळी म्हटली की नाही म्हणणारा विरळाच. तोच माणूस डाएटवर जातो आणि दोन-तीन महिन्यांनी त्याला ती नको इतकी गोड लागते. पोळी बिघडलेली नसते. चवीच्या पेशी दहा-पंधरा दिवसांत नव्याने येतच असतात, डाएट असो वा नसो. बदलतो तो बहुधा सवयीचा मापदंड.

सर्वांत चांगला पुरावा मिठाचा आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिने कमी मिठावर राहिलेल्यांना सूप आणि बिस्किटं हळूहळू कमी खारट आवडू लागली. साखरेचं गणित मात्र वाकडं. २०१६ च्या अभ्यासात तीन महिने साखर कमी केलेल्यांना तेच पुडिंग जास्त गोड लागलं, पण त्यांना आवडणारी गोडी काही उतरली नाही! म्हणजे जीभ तल्लख होते, हव्यास सुटेलच असं नाही.

त्यामुळे कडक भाकरीबरोबरच्या शेंगाचटणीतलं मीठ कमी करणं मला जास्त सोपं वाटतं. घाई नको, थोडं थोडं उतरवावं. आणि जेवणात मीठ पुन्हा वाढलं, की आवडही परत चढते.