कुरुळीचा फ्लॅट : बँक मध्ये नसेल तर चौकशी आपलीच

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला की आधी चिंबळी आणि मग कुरुळी लागते. पुढे चाकण. कारखान्यांना गणवेश, पॅकिंगचा माल, फर्निचर आणि सुटे भाग पुरवणारे आपले व्यापारी व कारागीर बांधव या पट्ट्यात घर शोधू लागले आहेत. फ्लॅटच्या जाहिरातीत 'पिंपरी-चिंचवड' हे नाव ठळक असते. परंतु नदीच्या पलीकडचे कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव आहे. तेथे कारभार ग्रामपंचायतीचा, आणि बांधकामाच्या परवानग्या 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या अखत्यारीत. महापालिकेचे पाणी, कचऱ्याची गाडी, उर्दू शाळा या गोष्टी नदीच्या अलीकडच्या. पलीकडे त्या गृहीत धरू नयेत.

पाण्याचे पाहा. बिल्डर 'चोवीस तास पाणी' म्हणतो, तेव्हा ते बोअरचे, टँकरचे की ग्रामपंचायतीच्या नळाचे, हे विचारावे. आमचा सल्ला असा की मे महिन्यात जाऊन आधी राहायला आलेल्या कुटुंबांना विचारावे, आणि शक्यतो घरातल्या बायकांना. टँकरचा खर्च दरमहा देखभालीत येतो, आणि तो भावात कोणी सांगत नाही.

वाहतुकीची बाजू बरी आहे, पण सरसकट नाही. भोसरीहून चाकण-राजगुरुनगरकडे जाणाऱ्या पीएमपीएमएलच्या बसगाड्या याच रस्त्याने जातात. ज्याचे दुकान भोसरीत किंवा चाकणात आहे त्याची सोय होते. मात्र पाळी सुटण्याच्या वेळी अवजड गाड्यांनी हा रस्ता तुंबतो, चाकणच्या तळेगाव चौकाची तर ख्यातीच झाली आहे. घर रविवारी दाखवतात. आपण सोमवारी संध्याकाळी सहाला जावे. नाशिक फाटा ते खेड अशा 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये 7,827 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो होईल तेव्हा फायदा होईलच, पण काम चालू असताना त्याच रस्त्यावरून आपल्याला जायचे आहे. होणाऱ्या पुलाची किंमत आजच्या भावात मोजून देऊ नये. दवाखान्यासाठी चाकणचे ग्रामीण रुग्णालय जवळ, मोठ्या आजाराला पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय. नमाजेची जागा आणि मुलांची शाळा पायी किती लांब, हे नकाशावर न पाहता चालूनच पाहावे.

आता मुख्य गोष्ट. व्याज टाळायचे म्हणून आपले पुष्कळ लोक बँकेचे कर्ज न घेता साठवलेल्या पैशाने किंवा बिल्डरशी हप्ते ठरवून घर घेतात. यात एक गोष्ट निसटते. कर्ज देणारी बँक आपला वकील लावून जमिनीचे मूळ कागद तपासते. बँक नाही म्हणजे ती तपासणीही नाही. म्हणून वकिलाची फी वाचवू नये. सातबारा, फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील मागील 30 वर्षांचा शोध घ्यावा. गावच्या जमिनीत भाऊबंदांचे हिस्से असतात, बहिणींचे हक्क राहून गेलेले असतात. ते वाद इमारत उभी राहिल्यावर वर येतात.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. मे 2017 पासून हा कायदा पूर्ण लागू आहे. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8 पर्यंत सदनिका असलेले प्रकल्प सोडता नोंदणी बंधनकारक आहे. त्या क्रमांकावर मंजूर नकाशा, चालू दावे आणि ताबा देण्याची तारीख पाहता येते. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. इसार कितीचा, हे त्यावरून ठरवावे. रोख 20,000 रुपये किंवा अधिक देणे-घेणे आयकर कायद्याने मना आहे. शिवाय करारात न लिहिलेली रोकड उद्या मागायची कशी?

मोजमापाचे आम्हा कापडवाल्यांना सांगायला नको. पन्हा न पाहता तागा कोण घेतो? बिल्डर 800 फूट सांगतो, 4,000 चा भाव लावतो, 32 लाख होतात. करारात कारपेट 52 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 560 फूट निघाले तर खरा भाव 5,700 च्या वर गेला. दोन इमारतींची तुलना कारपेटवरच करावी. बांधकाम चालू असलेल्या, 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटरपर्यंत कारपेट असलेल्या घरावर एप्रिल 2019 पासून जीएसटी 1 टक्का आहे, इतर घरांवर 5 टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून मिळते.

जुना फ्लॅट असेल तर महारेराचा आधार कमी. तेथे पहिल्या खरेदीपासूनचे सर्व करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग दाखला आणि ग्रामपंचायतीची कर पावती मूळ स्वरूपात पाहावी. झेरॉक्सवर इसार देऊ नये. आणि भोगवटा प्रमाणपत्र 'येत्या महिन्यात मिळेल' असे कोणी म्हणाले तर शेवटचा हप्ता ते हातात येईपर्यंत रोखण्याची अट करारातच लिहून घ्यावी.