विश्लेषण : ‘सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही’ म्हणत कार्यालयातील सॉफ्टवेअर का अडते?

महिनाअखेर आहे. पगाराची फाइल बँकेकडे पाठवायची आहे आणि लेखा विभागातील सॉफ्टवेअरने ‘सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही’ म्हणत जोडणी तोडली आहे. गंमत म्हणजे त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये बँकेचे संकेतस्थळ व्यवस्थित उघडते. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतो, ‘सेटिंगमध्ये जाऊन तपासणीच बंद करून टाका.’ काम होतेही. मात्र त्यानंतर पलीकडे बँकच आहे की आणखी कोणी, हे सॉफ्टवेअर पाहतच नाही.

ब्राउझरला चालते, ते सॉफ्टवेअरला का नाही?

सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर एका मधल्या संस्थेची सही असते आणि त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर मूळ म्हणजे रूट संस्थेची. साखळीचे हे शेवटचे टोक आपल्याकडील विश्वसनीय संस्थांच्या यादीत सापडले, तरच जोडणी होते. मेख अशी की ही यादी एकच नसते. विंडोजची वेगळी, फायरफॉक्सची वेगळी. जावावर चालणारी अनेक सॉफ्टवेअर ‘सीएसर्ट्स’ नावाची फाइल वापरतात. जावा अद्ययावत केले नसेल, तर ही यादीही जुनीच राहते.

दुसरा घोळ सर्व्हरच्या बाजूचा. तेथे मधले प्रमाणपत्र बसवायचे राहून जाते. ब्राउझर बहुतेकदा ही उणीव स्वतः भरून काढतात, इतर सॉफ्टवेअर तेवढी तसदी घेत नाहीत. मग आपण आपला संगणक खोलून बसतो, दुरुस्ती मात्र समोरच्याने करायची असते.

३० सप्टेंबर २०२१ रोजी याचा मोठा धडा मिळाला. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मुळाशी जोडलेली होती, त्या ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ची मुदत त्या दिवशी संपली. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे वैध होती, नवे मूळही तयार होते. तरीही ओपनएसएसएल १.०.२ सारख्या जुन्या आवृत्त्या संपलेल्या टोकापाशीच अडकल्या.

आधी काय तपासावे?

संगणकाचे घड्याळ. हसू येईल, पण मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि कालचे प्रमाणपत्र ‘अजून सुरू न झालेले’ ठरते.

मग प्रमाणपत्र कोणी दिले, ते नाव वाचा. तेथे आपल्याच कंपनीचे किंवा तिच्या फायरवॉलचे नाव दिसले, तर ती फायरवॉल मध्ये बसून वाहतूक उघडून तपासते आहे. खात्री करायला मोबाइलचे वायफाय बंद करून तोच पत्ता उघडा; तेथे देणाऱ्याचे नाव वेगळे आले, की उत्तर मिळाले. कंपनीचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत घातले आणि जावाच्या यादीत विसरले, असे फार वेळा होते. ते आयटी विभागाकडूनच घ्यावे. सूचनेच्या खिडकीतून आयात करू नये.

मुदत संपली असेल, तर ग्राहकाच्या हाती काहीच नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ काही तास ठप्प झाले, ते संपलेल्या प्रमाणपत्रामुळेच.

सूचना खरी असेल तर?

जुलै २०१४ मध्ये गुगलला आपल्याच डोमेनच्या नावाने दिली गेलेली अनधिकृत प्रमाणपत्रे आढळली. ती देणारी संस्था होती आपली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी. तिची साखळी भारताच्या प्रमाणन नियंत्रकांच्या मुळाशी जोडलेली आणि ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यामुळे विंडोजवरील बहुतांश प्रोग्रॅम या प्रमाणपत्रांना खरे मानू शकत होते. फायरफॉक्सच्या यादीत ते मूळ नव्हते, म्हणून त्याने ती स्वीकारली नसती. नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे लगेच रद्द केली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणी बंद केलेली असते, त्याला अशी रद्दबातल ठरलेली प्रमाणपत्रेही चालतात.

पुढे काय?

सीए-ब्राउझर फोरमच्या नियमानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. कॅलेंडरवर खूण करून वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्या कार्यालयांना हे काम तोवर यंत्रावर सोपवावे लागेल. कंपनीच्या अंतर्गत प्रमाणपत्रांना ही मर्यादा लागू नाही.