घरी उघडलेले ऑइल इंजिन सुरू होत नसेल तर

विहिरीवरील ऑइल इंजिन घरच्या घरी खोलून दुरुस्त करण्याचा प्रघात खेड्यापाड्यांतून बराच आहे. पुष्कळदा त्यात यशही येते. परंतु कधी कधी सर्व भाग जागच्या जागी बसवूनही इंजिन दाद देत नाही, आणि नेमके तेव्हाच पीक पाण्यावर आलेले असते. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, द्यावयाचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात व पुढील पाण्याने ती तूट भरून निघत नाही. अशा घाईत आणखी एखादा भाग खोलण्याचा मोह होतो. तो आवरावा. उघडण्यापूर्वी इंजिन, कुरकुरत का होईना, चालत होते. तेव्हा दोष बहुधा जेथे हात लागला तेथेच असणार. काय काय खोलले, कोणता वायसर बदलला, काही उरले काय, हे प्रथम आठवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यानेही पान्हा हाती घेण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा १६ ते १८ पट दाबली गेली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते व नॉझलमधून धुक्यासारखे उडालेले डिझेल तिच्यात आपोआप पेट घेते. म्हणून डिझेल पोचते काय, हवा पुरेशी दाबली जाते काय व डिझेल वेळेवर उडते काय, एवढेच पाहावयाचे असते. हँडल मारताना सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे. धूर मुळीच निघत नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर निघत असेल तर ते पोचते, पण जळत नाही.

डिझेल न पोचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. फिल्टर बदलला किंवा नळी सोडली की हवा शिरतेच. हवा दबते, त्यामुळे पंपाने कितीही रेटा दिला तरी नॉझल उघडण्याइतका दाब चढत नाही. टाकीची तोटी उघडून फिल्टरवरील स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळावा. नंतर पंपावरील स्क्रू व शेवटी नॉझलकडील नळीचा नट याच क्रमाने घ्यावा. इंजिन फिरविताना नॉझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला म्हणजे काम झाले. नॉझल बाहेर काढून फवारा पाहताना त्याच्यासमोर हात कदापि धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

डिझेल पोचूनही इंजिन लागत नसेल तर हवेचा दाब तपासावा. डीकॉम्प्रेशन लिव्हर खाली सोडून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दाब चांगला असेल तर ते अडते व मागे उसळते. नुसतेच फिरत राहिले तर हवा कोठून निसटते ते कान देऊन ऐकावे. एअर क्लीनरमध्ये फुसफुस ऐकू आली तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा, आणि थंड करण्याच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेडचे गॅस्केट, असे समजावे. व्हॉल्व्ह घासल्यावर हा दोष हमखास उद्भवतो. घासलेला व्हॉल्व्ह बैठकीत खोल बसतो, त्याची दांडी वर येते व टॅपेटची फट नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटण्याच्या स्थितीत पिस्टन माथ्यावर आणून, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ही फट फीलर गेजने ठेवावी. नख घालून केलेला अंदाज येथे चालत नाही. गळती थांबावी म्हणून दोन गॅस्केट एकावर एक घालण्याची युक्तीही सर्रास आढळते. तिने पिस्टनवरील पोकळी वाढते व हवा पुरेशी तापत नाही. नॉझलखालचा जुना तांब्याचा वायसर भोकात तसाच चिकटून राहून त्यावर नवा बसतो, तो प्रकारही असाच घातक आहे.

वेळेचा दोष फक्त गिअरचे झाकण किंवा पंप काढला असेल तरच शोधावा. गिअरवरील खुणा जुळल्या पाहिजेत. पंपाच्या बैठकीखालील पातळ चकत्या जितक्या होत्या तितक्याच परत घालाव्यात. त्या कमी झाल्या तर डिझेल लवकर उडून हँडल उलटा झटका देते. वाढल्या तर ते उशिरा उडते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे झटक्याने मनगट मोडत नाही.

इनलेटमध्ये पेट्रोल ओतणे किंवा पेटती चिंधी धरणे हा उपाय नव्हे. त्याने भडका उडतो व पिस्टनही फुटतो. पंपाचा प्लंजर व नॉझलची सुई मात्र घरी उघडू नयेत. ते कारखान्यातील टेस्टरवरच तपासावयाचे भाग आहेत, आणि अंगणातील धुळीचा एक कण त्यांना पुरतो.

इंजिन सुरू झाल्यावर काही तास चालवून थंड होऊ द्यावे व हेडचे नट पुन्हा क्रमवार आवळावेत. गॅस्केट दबून टॅपेटची फट कमी होते, म्हणून तीही त्याच वेळी परत मोजावी.